कारणाचा रकाना

९ जानेवारी

प्रिय हेडबाई,

पत्र रीतसर आहे. आधी पूर्ण वाच आणि मग कपाळाला आठ्या घाल.

ज्याला तुझ्या 'सरळ' या कॉम्प्युटरच्या भाषेत बदल हवा असेल त्याने तुला पत्र लिहायचं, बदल का हवा ते सांगायचं, तू पत्रानेच उत्तर देणार, आणि मागणाऱ्याने 'मान्य' असं कळवेपर्यंत प्रकरण मिटलं असं धरायचं नाही, हे तुझे नियम मला पाठ आहेत. आतेभाऊ झाला म्हणून सवलत मिळणार नाही, हेही तू मागे सुनावलं होतंस. शिवाय पत्र असं हवं की ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही समजावं. म्हणून तुझीच गोष्ट तुला सांगतो. सोसून घे.

आमच्या हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहतेय. रक्त तपासणीचे, औषधाच्या खिडकीवरचे, वॉर्डात नर्सबाईंच्या टेबलांवरचे, असे सगळे कॉम्प्युटर एकदाचे नीट लावायचे आहेत. कोणत्या मशीनवर काय असावं, काय चालू राहावं, काय बंद, हे आजवर माझ्या डोक्यात होतं. कुणी काही विचारलं की मी धावत जायचो, दोन बटणं दाबायचो आणि परत यायचो. आता ते सगळं मी तुझ्या 'सरळ'मध्ये उतरवतोय. एका मशीनला एक पान. तुझी भाषा ते पान वाचते, मशीन तसं लावून देते, आणि उद्या कुणी बोट घालून बिघडवलं तर पुन्हा पानाप्रमाणे करून ठेवते. इथवर तुझं कौतुक. आता तक्रार.

तुझ्या भाषेत ओळीचे तीन रकाने. कोणती गोष्ट, ती कशी असावी, आणि कारण. तिसरा रकाना कोरा ठेवला की भाषा पान तोंडावर फेकते. वरच्या ओळीचं कारण चिकटवलं तर तेही ओळखते आणि फेकते. आमच्या वॉर्डात एकसारखी टेबलं ओळीने मांडलेली आहेत गं. प्रत्येकासाठी नवीन वाक्य कुठून आणू? मी काय कीर्तनाला बसलोय?

तर मागण्या दोन. एक, वरच्यासारखंच असेल तिथे ,, अशी खूण चालावी, शाळेत करायचो तशी. दोन, कारण सांगता येत नसेल तिथे रकाना कोरा ठेवता यावा. ताई, सगळ्याच गोष्टींना कारण नसतं.

इमारत उघडायच्या आत मला हे संपवायचंय. त्यानंतर मी इथे नसेन, नोकरी सोडतोय. कुठे जातोय ते मागाहून सांगेन. माझ्या जागी एक बाई येणार आहेत, त्यांच्या हातात ही पानं पूर्ण पडली पाहिजेत. नाहीतर एखाद्या दिवशी रक्ताचं मशीन बंद पडेल आणि ते कसं लावलं होतं हे सांगणारं कुणी नसेल. माझा जीव सध्या एवढ्या एकाच गोष्टीत अडकलाय.

तुझा,
घाईबुवा


१७ जानेवारी

चि. घाईबुवा,

साठीला आलेल्या बहिणीला हेडबाई म्हणतोस आणि वर मागण्या करतोस. धन्य आहे.

पत्र मात्र छान लिहिलंयस. इतकं लांब आणि न चुकता तू कधी लिहिलं नव्हतंस. भावजयेने हात फिरवला का त्यावरून?

पहिली मागणी. तुला आत्याची, म्हणजे तुझ्या आईची, लाँड्री आठवते? सुट्टीत आपण दोघं तिथे यादी लिहायला बसायचो. कपडा कोणता, कुणाचा, पाणी कसं. मी प्रत्येक ओळ पूर्ण लिहायचे आणि तू पहिली ओळ लिहून खाली खुणांची रांग लावायचास आणि खेळायला पळायचास. एकदा तुझ्या यादीत 'थंड पाणी' अशी ओळ होती आणि तिच्याखाली बँडमास्तरचा लाल लोकरीचा कोट, पुढे खूण. मधल्या जागेत आत्याने नंतर चादरी लिहिल्या, 'उकळतं पाणी'. धुण्याच्या खोलीतल्या माणसाने खूण वाचली, वर बघितलं आणि कोट उकळला. आत्याने बँडमास्तरसमोर कोट उलगडला तेव्हा तो आटून पोराच्या मापाचा झाला होता. पुढे तो कोट तूच घालून हिंडलास, कारण दुसऱ्या कुणाला तो होईना. आत्या तुला बोलली नाही. भरपाई तिने गुपचूप केली आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. ते मी बघितलं होतं, तू नाही.

'सरळ' लिहायला घेतली तेव्हा माझ्या डोक्यात तो कोट होता. खूण वरच्या ओळीवर विसंबते, आणि वरची ओळ कधी बदलेल याचा भरवसा नसतो.

दुसरी मागणी. मी वाचनालयात कामाला होते तेव्हा तिथे एका कपाटात एक मशीन होतं. त्यावर चिठ्ठी, 'बंद करू नये'. का, ते लिहिलेलं नव्हतं. चिठ्ठी लावणारा माणूस केव्हाच गेला होता. कितीतरी वर्षं आम्ही त्या मशीनला हात लावायला घाबरलो, त्याच्यासाठी खोली थंड ठेवली. शेवटी उघडून बघितलं तर ते नुसतं घड्याळ दाखवत होतं. ज्याला कारण सांगता येत नाही त्याने ती ओळ लिहू नये, असं मी तेव्हाच ठरवलं.

तेव्हा दोन्ही मागण्यांना नकार. तुला हा नकार मान्य आहे का ते कळव.

आता घरचं. नोकरी का सोडतोयस? या वयात ही कसली धरसोड? आणि फोन का उचलत नाहीस? लावला की भावजय उचलते आणि म्हणते, तो आंघोळीला गेलाय. तू एवढा स्वच्छ कधीपासून झालास?

तुझी,
ताई


जानेवारी अखेर
(हे पत्र पाठवलं गेलं नाही.)

ताई,

हे मी स्वतः टाइप करतोय, डाव्या हाताच्या एका बोटाने. मागचं पत्र मी बोललो आणि हिने टाइप केलं. तू ओळखलंस.

मला एक आजार झालाय. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही, मग ते एकेक करून कामावरून जातात. उजवा हात गेला. पाय जाताहेत. जीभ जड झालीय, म्हणून मी फोनवर येत नाही. तुला ऐकूनच कळलं असतं. ज्या डॉक्टरांचा कॉम्प्युटर मी कायम दुरुस्त करून देतो त्यांनीच हे सांगितलं. स्क्रीनकडे बघत सांगितलं बिचाऱ्यांनी. यावर उपाय नाही.

मला एकेक अक्षर आता मोजून खर्च करावं लागतं. म्हणून खूण हवी, म्हणून कोरा रकाना हवा.

तू हे वाचशील आणि दुसऱ्या दिवशी खूण देशील, मला ठाऊक आहे. भाषा मोडून देशील. पण मग ती माझ्यासाठी दिलेली दया होईल. आणि उद्या कुठल्यातरी हॉस्पिटलात त्या खुणेमुळे एखादा कोट उकळला, तर तू स्वतःला खात बसशील. मला तुला वादात हरवायचंय गं. लहानपणापासून एकदाही जमलं नाही.

आणि दुसरं. सगळी माझ्याशी आता हळू आवाजात बोलतात. तू एकटी अजून ओरडतेस. ते मला गमावायचं नाही.

भीती वाटते, ताई. हे हिला सांगता येत नाही, कारण ती आधीच


२९ जानेवारी

ताई,

कोट मान्य. पण चूक खुणेची नव्हती, मध्ये ओळ घुसवणाऱ्याची होती. भाषेने आधी सगळ्या खुणा उलगडून दाखवाव्यात, मग पान घ्यावं. आणि वाचणारे पुढे येतील, लिहिणारा आज बसलाय. त्याचा विचार नको का?

आंघोळ आवडायला लागलीय.

घा.


५ फेब्रुवारी

चि. घाईबुवा,

युक्तिवाद बरा आहे. म्हणून नीट उत्तर देते.

मध्ये ओळ घुसवणारे असणारच. आत्या काही वाईट बाई नव्हती, तिला घाई होती. तू पान एकदाच लिहिणार. तुझ्या जागी येणाऱ्या बाई ते पुन्हा पुन्हा वाचणार, तेही काहीतरी बंद पडलेलं असताना, पाच माणसं डोक्यावर उभी असताना. त्या वेळी त्यांनी 'वरच्यासारखं' म्हणजे कशासारखं हे शोधत बसावं का? तुला त्यांची एवढी काळजी आहे तर त्यांच्यासाठी पूर्ण वाक्य लिही. चार अक्षरं जास्त लिहिलीस तर बोटं झिजणार आहेत का तुझी?

रागावू नकोस. पण तुझं हे नेहमीचं आहे. काम अर्ध्यावर टाकायचं आणि खेळायला पळायचं. आता नोकरीही तशीच सोडतोयस. निदान ही पानं तरी शेवटपर्यंत ने.

आणि 'घा.' म्हणजे काय? आता नावालाही कात्री लावलीस का? आपल्या माणसाला तरी पूर्ण नाव लिहावं.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

बरं. पूर्ण लिहितो. सगळं.

'मान्य' मात्र म्हणणार नाही.

तुझा घाईबुवा


६ मार्च

चि. घाईबुवा,

तीन आठवडे झाले, तुझ्या दोन ओळींवर मी बसून आहे. रुसलास ना? तू रुसलास की शब्द मोजून टाकतोस, हे मला तू दातपडका असल्यापासून माहीत आहे.

माझ्या वाढदिवसाला तुझा फोन आला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. भावजयेने केला, गोड बोलली, पण मागून तू काहीतरी पुटपुटलास आणि ती घाईघाईने म्हणाली, तो कामात आहे. एका खुणेपायी माझ्याशी बोलणं टाकलंस? मी काय तुझं घर लुबाडलं होतं?

मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. त्या भरात मी मागण्यांच्या नोंदवहीत लिहून टाकलं, 'खुणेची आणि कोऱ्या रकान्याची मागणी फेटाळली.' तुझं 'मान्य' येईपर्यंत प्रकरण उघडं दिसत राहील. राहू दे.

इमारत कधी उघडतेय? त्याआधी मी तुझ्याकडे येऊन चार दिवस राहू का? समोरासमोर भांडू. पत्रात मला तुझा चेहरा दिसत नाही, आणि तू चेहऱ्याने हरतोस.

तुझी,
ताई


२४ मार्च

ताई,

रुसलो नाही. लिहितोय. बरीच पानं झाली.

आत्ता येऊ नकोस. इमारत उघडली की ये.

तुझा घाईबुवा


२ एप्रिल

घाईबुवा,

येऊ नकोस म्हणतोस. ठीक आहे, नाही येत.

पानं पूर्ण झाली की कळव.

ताई


३ जून

ताई, नमस्कार.

तो गेल्यावर तुम्ही येऊन गेलात तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होतात आणि कुणी काही विचारलं की मान हलवत होतात. मला तुमच्याशी बोलायचं होतं पण धीर झाला नाही. निघताना तुम्ही एवढंच विचारलंत, 'मला का नाही सांगितलंत?' आता उत्तर देते.

त्याने मला शपथ घातली होती. जानेवारीत तुमचा पहिला नकार आला तेव्हा मी म्हटलं, ताईंना खरं काय ते सांगू या, त्या लगेच देतील. तो म्हणाला, म्हणूनच नाही. तेव्हा तो थोडं बोलू शकत होता. त्याच्या कॉम्प्युटरवर एक अर्धं पत्र सापडलं. ते या पत्रासोबत पाठवतेय. ते वाचून मला कळलं की त्याला भीती वाटत होती. माझ्याजवळ कधी बोलला नाही.

मार्चमध्ये ते एक बोटही गेलं. मग आम्ही अक्षरांचा तक्ता केला. मी तक्ता समोर धरायचे, तो अक्षराकडे बघायचा, मी बोट ठेवायचे. बरोबर असेल तर बघत राहायचा. डोळे मिटले तर नाही, असा आमचा करार होता. असं एक वाक्य जुळायला अर्धी सकाळ जायची. तुम्हाला गेलेलं शेवटचं पत्र मी असंच लिहिलं. त्यात 'तुझा घाईबुवा' कशाला, नुसतं 'घा' पुरे, असं मी म्हटलं. त्याने डोळे मिटले. तुम्ही पूर्ण नाव मागितलं होतं ना.

ताई, स्पष्टच लिहिते. मला तुमचा फार राग आला होता. त्याचं उरलेलं आयुष्य तुमच्या त्या तिसऱ्या रकान्यात चाललं होतं. तुम्ही बोटं झिजण्याबद्दल लिहिलंत ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं. वाचताना मला रडू आलं. तो मात्र हसला. हसू शेवटपर्यंत त्याला येत होतं. मी म्हणायचे, कारण मी लिहिते मनाने काहीतरी, तुमच्या भाषेला काय कळतंय खरं की खोटं? तो डोळे मिटून घ्यायचा. कधीकधी मी चिडून तक्ता आपटायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचे. परत यायचे तेव्हा तो दाराकडेच बघत असायचा.

आता राग नाही. का नाही ते सांगते. त्याच्या जागी आलेल्या बाई परवा घरी आल्या होत्या. म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात औषधाच्या खिडकीवरचं मशीन बिघडलं, त्यांनी पान उघडलं, वाचलं, आणि कुणाला न विचारता नीट केलं. म्हणाल्या, पान वाचताना कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगतंय असं वाटलं. मग त्या रडल्या. त्याला त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी मला काही ओळी उतरवून दिल्या. तुमच्यासाठी लिहिते.

प्रसूती विभागाचं मशीन. आपोआप झोपू नये. कारण: बाळं घड्याळ बघून येत नाहीत.

औषधाच्या खिडकीवरचं मशीन. अक्षर मोठं असावं. कारण: खिडकीवरच्या बाई चष्मा विसरतात आणि कबूल करत नाहीत.

अपघात विभागाच्या दारातला स्क्रीन. अक्षरं सरकती नसावीत. कारण: धावत आलेल्या माणसाला सरकतं अक्षर वाचता येत नाही.

वॉर्डातलं चौथं टेबल. आवाज बंद असावा. कारण: शेजारच्या खाटेवर नुकतीच झोप लागलेली असते.

वॉर्डातलं पाचवं टेबल. आवाज बंद असावा. कारण: चौथ्याचंच, पण हेडबाई खूण देत नाहीत.

आता मुख्य काम. एक पान अडलंय. ते त्याच्या स्वतःच्या मशीनचं, ऑफिसातल्या टेबलावरच्या. सगळ्यात शेवटी ते लिहायला घेतलं. 'माझ्या टेबलावरचं मशीन. बंद असावं.' एवढं झालं. मग मी कारणासाठी तक्ता धरला आणि त्याने डोळे मिटले. मी थांबले. पुन्हा विचारलं, त्याने उघडले, तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. मला वाटलं, थकला. त्यानंतर त्याने कशालाच अक्षर दाखवलं नाही. तो नाही म्हणत होता की झोपला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

ते पान भाषा घेत नाही. बाईंनी विचारलंय, काय लिहू? मी काहीही सांगू शकते, पण ते त्याचं नसेल. म्हणून तुम्हाला विचारते. मशीन अजून चालू आहे. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर त्याचा दिवा लुकलुकत असतो, असं बाई म्हणाल्या.

तुमची,
भावजय


२१ जून

चि. घाईबुवा,

तुझ्या ९ जानेवारीच्या पत्राला मी तेव्हा उत्तर दिलं होतं. ते मागे घेऊन हे नवीन देतेय.

पत्र तुझ्या नावाने लिहिते, कारण मागणी तुझी होती. पोचणार नाही हे मला कळतं. भावजयेला याची प्रत पाठवतेय, तीही बघेल हेडबाईचं डोकं ठिकाणावर आहे की नाही.

तुझं अर्धं पत्र वाचलं. तू चुकलास, एवढंच म्हणते. मी तुला दयेने काही दिलं नसतं. भाषेला हात लावला नसता. मी तक्ता धरायला आले असते. भावजय चिडून दुसऱ्या खोलीत गेली असती तेव्हा तिच्या जागी बसले असते, तुझ्यावर ओरडत. एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांपैकी एकालाही सुचली नाही, आणि आपण स्वतःला हुशार समजत होतो.

मी मार्चअखेर यायला निघाले होते रे. बॅग भरली होती. तुझं 'येऊ नकोस' आलं आणि मी बॅग रिकामी केली. कपडे परत कपाटात लावताना मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते आता लिहवत नाही. बोटं झिजणार आहेत का, असं विचारलं होतं. ते वाक्य खोडायची सोय कुठल्याच भाषेत नाही.

आता उत्तर.

पहिली मागणी, खूण. नाहीच मिळणार. तुझी सगळी पानं मी त्या बाईंकडून मागवून घेतली आणि वाचून काढली. पाचव्या टेबलापाशी मी हसले, मोठ्याने, घरात एकटी. मग बराच वेळ हुंदका आवरेना. खूण दिली असती तर तिथे नुसत्या दोन रेघा असत्या. तूच तुझ्या विरुद्ध एवढे पुरावे लिहून गेलायस, त्याला मी काय करू?

दुसरी मागणी, कोरा रकाना. तुझं शेवटचं पान समोर घेऊन मी बसले. म्हटलं, भावाचं काम आहे, आपण पूर्ण करू. लिहिलं, 'कारण: वापरणारा आता नाही.' भाषेने घेतलं असतं. पण ते वाचून मला वाचनालयातल्या कपाटावरची चिठ्ठी आठवली, कोरडी. खोडलं. मग लिहिलं, 'कारण: आजार.' पण आजार का? तो तुलाच का? लिहिलेलं प्रत्येक कारण आणखी एक कारण मागत होतं. मग लिहिलं, 'कारण: ताईने आवाज ऐकायचा हट्ट धरला नाही.' ते बराच वेळ ठेवलं. खरं होतं, पण तुझ्या पानावर माझं रडगाणं कशाला? तेही खोडलं.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की कारण सांगता येत नसेल तर ती ओळ लिहू नका. तुझी ओळ मला पुसता येईना आणि तिचं कारणही लिहिता येईना.

भावजय विचारते, तू नाही म्हणत होतास की झोपला होतास. करार तिने तुझ्याशी केला होता, डोळे मिटले की नाही. तू करार मोडणारा नव्हतास. निदान या वेळी नाही. तुला कुणी म्हणेल का घाईबुवा, ही पानं बघून?

म्हणून काल मी भाषा बदलली. तिसरा रकाना आता कोरा ठेवता येतो. भाषा एकदा विचारते, 'कारण नाही?' आपण 'नाही' म्हटलं की ती पुढे काही विचारत नाही आणि पान घेते. वापरणाऱ्या सगळ्यांना कळवलं. दोघांनी लगेच रागावून पत्रं पाठवलीत, की तुम्हीच शिकवलेल्या शिस्तीला तुम्हीच भोक पाडलंत. बरोबर आहे त्यांचं. त्यांना सावकाश उत्तर देईन.

आज सकाळी तुझ्या जागेवरच्या बाईंनी पान पुन्हा दिलं. भाषेने विचारलं, बाईंनी 'नाही' म्हटलं आणि ते गेलं. तुझं मशीन बंद झालं. त्या म्हणाल्या, दिवा विझल्यावर त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली.

तुझी मागणी मी नोंदवहीत काढली. 'फेटाळली' खोडून तिथे लिहिलं, 'अर्धी दिली.' ते प्रकरण आता मिटवायला हवं. पण मागणाऱ्याने 'मान्य' कळवल्याशिवाय मिटवायचं नाही, असा नियम आहे, आणि तो मीच केलाय. म्हणून ते उघडंच ठेवलंय.

तुझी,
ताई